भंतेजींनी न केलेली सही

"तुमी सही करता का नाही, तेवढं सांगा, भंतेजी."

भंते नागित विहाराच्या नळाशी उकिडवे बसले होते. पाइप सांध्यात गळत होता. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून ते त्याभोवती गुंडाळत होते.

"हे टोक धर," ते म्हणाले.

अश्वजितनं टोक धरलं. दुसऱ्या हातात पत्र होतं. त्यावर पाणी उडू नये म्हणून तो हात उंच धरून उभा राहिला.

"घट्ट धर."

"घट्टच धरलं हाय. सोमवारी शेवटचा दिवस हाय, भंतेजी. तुमी नळ कायले धरून बसले?"

"गळतो आहे म्हणून."

अश्वजितनं दात आवळले. एकोणीस वर्षांचा पोरगा. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. हल्ली लोकांच्या घरी टाइल्स बसवायचा. हाताला कसब होतं, डोक्याला धीर नव्हता.

पण आज तो स्वतःसाठी आला नव्हता. बहिणीसाठी आला होता.

उत्पला बारावी झाली होती. शहरातल्या सरकारी विद्यापीठात विज्ञानाचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम होता. जागा चाळीस. परीक्षा ती पास झाली होती, पण पास झालेले दीडशे होते. आता त्या दीडशे जणांच्या फायली बघून चाळीस निवडायचे होते. फायलीत दोन शिफारसपत्रं लागत होती. एक कॉलेजच्या मॅडमनी दिलं होतं. दुसरं राहिलं होतं.

आणि भंते नागित चीवर घेण्याआधी त्याच विद्यापीठात शिकवत होते. सव्वीस वर्षं. त्यातली अकरा वर्षं प्रवेशाच्या कमिटीत. त्यांचं नाव ऐकलं की तिथले लोक अजून खुर्चीतून उठतात, असं दादा म्हणायचा.

दादा… संघरत्न. दोघांचा थोरला भाऊ. काविळीनं गेला, त्याला एकोणीस दिवस झाले होते. बोलणं बंद व्हायच्या आधी अश्वजितचा हात धरून म्हणाला होता, "आश्या, भंतेजींची सही आण. तेवढंच राहिलं."

पट्टी बसली. भंतेजींनी नळ सोडून पाहिला. दोन थेंब आले, मग थांबले. त्यांनी हात पुसले आणि पत्र मागितलं.

"कोणी लिहिलं?"

"तालुक्याच्या कॉम्प्युटर सेंटरमधून आणलं. त्याच्यापाशी तयारच असते. नाव तेवढं बदलवते."

भंतेजी पायरीवर बसले आणि मोठ्यानं वाचू लागले.

"'कुमारी उत्पला संपत मेश्राम ही अत्यंत हुशार, कष्टाळू, प्रामाणिक व मनमिळाऊ असून तिचे चारित्र्य उत्तम आहे. ती वेळेची पक्की आहे. मी तिला चांगल्या प्रकारे ओळखतो.'"

ते थांबले. बाजूच्या पायरीवर विहाराचा कुत्रा भुऱ्या पाय ताणून पडला होता. भंतेजींनी त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"'श्रीमान भुऱ्या हा अत्यंत हुशार, कष्टाळू, प्रामाणिक व मनमिळाऊ असून त्याचे चारित्र्य उत्तम आहे…'" त्यांनी मान डोलावली. "वेळेचा तर पक्काच. अकराला भोजनदान येतं, हा पावणेअकराला हजर. 'मी त्याला चांगल्या प्रकारे ओळखतो.' यावर मी डोळे मिटून सही करीन."

अश्वजितच्या नाकातून हसू निसटलं.

निसटलं आणि त्याचं त्यालाच झोंबलं. एकोणीस दिवसांत घरात कोणी हसलं नव्हतं.

"मजाक करून राहिले?" तो ओरडला. "माहा भाऊ मेला, भंतेजी! अन् तुमी माह्या बहिणीले कुत्र्यासंगं बसवता?"

भुऱ्या उठून चार पावलं लांब जाऊन बसला.

भंतेजींनी कागद खाली ठेवला. 

मग म्हणाले, "संघरत्नच्या पुण्यानुमोदनाला मी होतो, अश्वजित."

अश्वजितची मान खाली गेली.

त्या दिवशी अंगणात मंडप होता. वंदना झाली, मग माईक फिरला. सरपंच बोलले. सोसायटीचे अध्यक्ष बोलले. पंचायत समितीचे एक साहेब बोलले, त्यांनी तर संघरत्नला कधी पाहिलंही नव्हतं. कालकथित संघरत्न अत्यंत कष्टाळू होते. प्रामाणिक होते. मनमिळाऊ होते… चौथा माणूस उठून तेच बोलायला लागला, तेव्हा अश्वजितनं जाऊन माईकची तार उपटली. काकांनी त्याला काखेत हात घालून बाहेर नेलं. आई तिथंच मटकन बसली होती.

"तार का उपटलीस?"

"…चुकलं माहं."

"ते मी विचारलं नाही."

अश्वजितनं पायाच्या अंगठ्यानं फरशीची दर्ज खरवडली. विहाराची ती फरशी कोणीतरी वाकडी बसवली होती.

"थो दादा नव्हता," तो अखेर म्हणाला. "ते दुसऱ्याच कोणाबद्दल बोलून राहिले होते."

"मग दादा कसा होता?"

"कसा म्हणजे…" तो एकदम सुटला. "प्रामाणिक कायचा? बाहेरून नाश्ता हाणून यायचा अन् आईले म्हणायचा, सकाळपासून उपाशी हाय, वाढ. मनमिळाऊ? अर्ध्या गावाशी भांडण होतं त्याचं. पालीले भ्यायचा. एवढा सहा फुटाचा माणूस, पाल दिसली का मले हाका मारायचा. अन् दोन वर्षं… दोन वर्षं उत्पलाले गाडीवर कॉलेजले नेलं त्यानं. बावीस किलोमीटर. जाताना भांडायचा, येताना भांडायचा. पण एक दिवस चुकवला नाही. ताप होता तरी गेला. तवाच काविळ असन ती. आमाले नाही समजलं…"



भंतेजींनी नळाखाली तांब्या धरला, भरून त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तोंडावर पाणी मारलं. उरलेलं प्यायला.

"आता मला संघरत्न दिसला," भंतेजी म्हणाले. "उत्पला दाखव."

"हुशार हाय."

"पुढे?"

"कष्टाळू…" तो म्हणाला आणि थांबला. नजर आपसूक भुऱ्याकडे गेली.

"एक गोष्ट हाय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण ती सांगासारखी नाही. मार्क कापले तिचे."

"सांग."

"कॉलेजात ते प्रयोग राहातेत न. नळी असते म्हणे काचेची. थेंब थेंब पाडायचा, रंग पलटला का आकडा लिहाचा. तिथं कोणी थेंब पाडत नाही, भंतेजी. मागच्या वर्षीच्या पोरांची वही असते, तिच्यातून सारे उतरवतेत. आकडा दहा पॉइंट दोन. साऱ्या वर्गाचा दहा पॉइंट दोन. हिचा आला नऊ पॉइंट चार."

"मग?"

"सर म्हणे, चूक हाय, पुन्हा कर. पुन्हा केला. नऊ पॉइंट चार. पुन्हा केला. पाच वाजले. सारे गेले. दादा बाहेर गाडीचा हॉर्न वाजवून राहिला, अन् ही आत एकटी नळी धरून! दादा आत गेला अन् ओरडला तिच्यावर. म्हणे, 'लिही न बापा दहा पॉइंट दोन अन् चाल! नऊ अन् दहानं काय आग लागून राहिली?' ही म्हणे, 'दादा, दिसलाच नाही मले दहा.'"

"काय चुकत होतं ते तिला सापडलं?"

"हो. चौथ्यांदा. बाटलीतलं औषध जुनं होऊन उतरलं होतं. नवं घेतलं तं बरोबर आला. पण तिनं वहीत दोनी आकडे लिहिले. जुन्याचा बी अन् नव्याचा बी. सर चिडले. वीसपैकी अकरा मार्क देल्ले. साऱ्या वर्गात कमी." त्यानं नाक पुसलं. "म्हणून म्हटलं सांगाचं नाही. मॅडमच्या पत्रात बी हे नाही."

"आणि संघरत्न?"

"दोन दिवस बोलला नाही तिच्याशी. तिसऱ्या दिवशी पेंटरकडे गेला अन् गाडीच्या मागच्या मडगार्डवर रंगवून आणलं, नऊ पॉइंट चार. लोक विचारत, काय रे, लकी नंबर हाय का? तं म्हणे, बहिणीचा हाय… आता गाडी तशीच उभी हाय घरी. कोणी हात लावत नाही."

वाऱ्यानं विहारावरचा पंचशील ध्वज फडफडला. दूर कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता.

अश्वजित चटकन पुढे सरकला. "हेच लिहा न, भंतेजी! मी सांगतलं ते. लिहा अन् सही करा. झालं!"

"मी तिथे होतो का?"

"मी सांगून राहिलो न."

"तू होतास?"

"…नाही. दादानं सांगतलं."

"अर्ज आणलास?"

त्यानं खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. भंतेजींनी एका ओळीखाली बोट ठेवलं.

"वाच."

अश्वजितनं अक्षर अक्षर जुळवत वाचलं. "'ज्या व्यक्तीने उमेदवाराचे काम… प्रत्यक्ष… पाहिले आहे, अशी, नात्यात नसलेली व्यक्ती.'"

"त्या संध्याकाळी तिथे अजून कोण होतं?"

"कोणी नाही. सर बी निघून गेले होते." मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे… कापगतेकाका होते. लॅबचा शिपाई. चाबी त्याच्यापाशी राहाते. दादा म्हणे, त्यानं लॅब उघडी ठेवली, त्याची बस गेली, मंग ते तिघं एकाच गाडीवर… म्हणजे दादानंच सोडलं त्याले घरी. नवी बाटली बी त्यानंच काढून देल्ली."

"हं."

"पण थो शिपाई हाय, भंतेजी! बाटल्या धुते. इकडे हे पाहा, अर्जावर 'पद' लिहाले जागा हाय. तिथं काय लिहाचं, शिपाई? लोक आमदाराचं पत्र आणतेत!"

"आणतात. अकरा वर्षं वाचली मी."

"मंग?"

"त्यातून एवढंच कळायचं, की मुलाचा बाप कोणाला ओळखतो."

"अन् फेकून द्यायचे?"

"छे. नीट टाचणी लावून ठेवायचो."

अश्वजितनं त्यांच्याकडे संशयानं पाहिलं.

"मंग पत्राचा उपयोगच काय? फुकाचंच मागतेत?"

"पस्तीस जागा मार्कांवर भरायच्या. मग उरायच्या पाच, आणि समोर बारा फायली, सगळ्या सारख्याच. टेबलाभोवती आम्ही सात जण, चहा गार झालेला. तेव्हा कोणीतरी म्हणायचं, पत्रं काढा." भंतेजी थांबले. "मी अत्यंत हुशार, अत्यंत कष्टाळू अशी दहा-बारा पत्रं एका दमात वाचायचो. चेहरा एकही दिसायचा नाही."

"तुमची सही असती तं?"

"तर म्हणाले असते, अरे वा, आपले जुने सर. आणि टाचणी लावली असती."

अश्वजित उठला. दोन पावलं गेला, परत आला. डोळे पुन्हा भरून आले होते, आणि त्याचा त्याला राग येत होता.

"दादानं तुमचीच सही सांगतली होती. शेवटचं बोलणं होतं त्याचं. मी हो म्हटलं होतं. आता त्याले काय तोंड दाखवू?"



"त्यानं सही मागितली…" भंतेजी सावकाश म्हणाले. "कशासाठी?"

"उत्पलाचा नंबर लागावा म्हणून…"

म्हणता म्हणता अश्वजितची नजर हातातल्या अर्जावरच्या त्या ओळीवर गेली.

भंतेजींनी सेंटरचं ते पत्र उचललं. नळ पुन्हा हळूच पाझरू लागला होता. त्यांनी पत्राची लांब घडी घातली, ती ट्यूबच्या पट्टीखाली सरकवली आणि पट्टी पुन्हा आवळली.

दोघांनी वाट पाहिली. थेंब आला नाही.

अश्वजित बघतच राहिला. सेंटरसमोर तो दोन तास रांगेत उभा राहिला होता. ओरडावंसं वाटलं. त्याऐवजी त्यानं विचारलं, "कापगतेकाका कुठं राहातेत? दादाले माहीत होतं. मले नाही."

"उत्पलाला माहीत असेल."

"तिले मागं बसवून घेऊन जातो. दादाच्याच गाडीवर." हे वाक्य तोंडातून गेल्यावर तो स्वतःच चमकला. मग अर्ज खिशात घातला. "आता निघालो तं काका घरीच भेटतीन. आज सुट्टी हाय."

तो पायऱ्या उतरला. खालून पुन्हा वळला.

"भंतेजी, लागन का नंबर तिचा?"

"माहीत नाही. तिथे आता कोण बसतं, तेही मला माहीत नाही." भंतेजी हसले. "पण गार चहापुढे बसलेला असताना असं पत्र हातात आलं असतं, तर मी खुर्ची पुढे ओढली असती."

अश्वजितनं मान हलवली. निघाला. फाटकापाशी पुन्हा थांबला. काहीतरी त्याला सोडत नव्हतं.

"काका सातवी शिकले हायेत. त्याईले नाही जमणार साहेबासारखं लिहाले. माह्यासारखंच अक्षर असन. चुका करतीन… मी सेंटरमधून टाइप करून घेऊ? भाषा चांगली करून देते तो."

भंतेजींनी तांब्या उचलला आणि उपडा करून पायरीवर ठेवला.

"त्यांनी काय पाहिलं ते त्यांना लिहू दे," ते म्हणाले. "आणि एक ऐक… चुकलं तर सुधारू नकोस."