शेषाने चित्र काढलं

बोरखेडी गावात शेषा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? त्याला कुणी 'जरा दम धर' म्हटलं की तो श्वास रोखून उभा राहायचा, आणि कुणी 'सोड' म्हणेपर्यंत सोडायचा नाही.

हा शेषा शाळेतल्या शालनताईंच्या हाताखाली कामाला होता. ताई कॉम्प्युटरवर एक गंमत तयार करत होत्या. पोरांनी मराठीत 'बेडका, उडी मार' असं लिहायचं, की पडद्यावरचा बेडूक उडी मारणार. खेळता खेळता पोरं प्रोग्रॅमिंग शिकणार. बेडूक आवडला तर संस्थेचे अध्यक्ष भास्करअण्णा शाळेची रिकामी खोली कॉम्प्युटरला देणार होते. नाही आवडला तर तिथे मंडपाचं सामान जाणार होतं. ताईंचा सगळा जीव त्या खोलीत अडकला होता.

ताई म्हणाल्या, "शेषा, बेडकाचं चित्र काढायला लायब्ररी लागते. म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला आयता प्रोग्रॅम. तो घेतला की आपल्याला रेघ न् रेघ काढत बसायला नको. इथे बऱ्याच उतरवून ठेवल्यात. त्यातली हलकी बघून एक निवड."

शेषाने दिवसभर निवड केली. संध्याकाळी ताईंनी त्याने दाखवलेलं फोल्डर उघडलं.

"अरे, हे तर रिकामं आहे!"

"म्हणून तर सगळ्यात हलकं की, ताई."

ताईंनी कपाळाला हात लावला. "शहाण्या, काहीही घेताना आत काय आहे ते उघडून बघावं!"

"बरं ताई. आता उघडून बघतो."

शेवटी लायब्ररी ताईंनीच निवडली. रंग झकास आले, पण बेडूक लंगडायला लागला. हवेत गेला की तिथेच लटकायचा.

ताई म्हणाल्या, "कॉम्प्युटर एकटाच एकेक ठिपका रंगवतोय, म्हणून दमतोय. याला ग्राफिक्स कार्ड बसवू. कार्डाला हजार हात असतात असं समज. सगळे एकदम रंगवायला लागतात. जा, तालुक्याहून घेऊन ये."

शेषाने कार्ड आणलं. पिशवीत पंखा वेगळा, पत्रा वेगळा, स्क्रू वेगळे.

"हे काय केलंस रे?"

"उघडून बघितलं, ताई. दुकानदारानं फसवलं. आत एकबी हात न्हाई."

ताई मटकन खाली बसल्या. "अरे, हात ही आपली सांगायची रीत! मोठं काम एकट्याने करत बसायचं नाही, सगळ्यांनी मिळून एकदम करायचं, एवढंच त्यातून घ्यायचं!"

"बरं ताई. आता सगळ्यांनी मिळून."

दुसरं कार्ड आलं. ते बसवताना ताईंनी शेषाला बाहेर उभं केलं. बेडूक टुणटुण उड्या मारू लागला.

बाहेर उभा असलेला शेषा हेडसरांना दिसला. "शेषा, उद्या रंगारी येणार आहे. हॉलच्या भिंतीवरची चित्रं काढ," असं सांगून सर जेवायला गेले.

सर परत आले तेव्हा शाळेतली झाडून सगळी पोरं कोळसे घेऊन भिंतीला भिडली होती. भिंतभर बेडूक. अण्णांच्या वडिलांच्या फोटोखाली सगळ्यात जाडा.

"अरे, चित्रं काढ म्हणालो होतो!"

"काढली की, सर. सगळ्यांनी मिळून."

"ढ माणसा, काढ म्हणजे खाली उतरव!"

शेषाला स्वतःची लाज वाटली. इतके दिवस ताई चित्र काढायचं, चित्र काढायचं म्हणत होत्या, आणि आपल्याला त्याचा अर्थच ठाऊक नव्हता.

"बरं सर. आता उतरवतो."

भिंत रंगली, फोटो परत लागले, अण्णांना बेडूक दाखवायच्या कार्यक्रमाचा दिवस आला. हॉल माणसांनी भरला. भिंतीपुढे पांढरी चादर टांगली होती आणि प्रोजेक्टरच्या उजेडात तिच्यावर बेडूक कुठेही न अडखळता उड्या मारत होता. पोरं खिदळत होती. अण्णा आपला पांढराशुभ्र फेटा डोलवत म्हणाले, "वा! वा! आता खोली..."

ताईंना फार हुरूप आला. "थांबा अण्णा, अजून आहे! शेषा, पुढचं चित्र काढ!"

शेषाने पुढे बघितलं. पुढे बेडूक होता.

"पोरांनो, या रे! सगळ्यांनी मिळून!"

चादर खाली आली. बेडूक मागे अण्णांच्या वडिलांच्या फोटोवर जाऊन बसला. फोटो खाली आला, हारासकट. अण्णा तावातावाने उठून मधे आले आणि गरजले, "खोली मंडपाला!"

मधे आले, ते नेमके उजेडात. बेडूक फेट्यावर.

"तिकडं गेला, धरा!" शेषा ओरडला, आणि पोरांनी फेटा उतरवला.

खाली अण्णांचं टक्कल होतं. टकलावर हिरवागार बेडूक. शेषाने तो बाहीने पुसला. मग ओल्या फडक्याने खसाखसा घासला. बेडूक आपला उड्या मारतोच आहे. शेषाचा चेहरा आनंदाने फुलला.

"ताई, लायब्ररी लई झ्याक निवडली हो! रंग काही केल्या निघंना!"