सुईणीचे घड्याळ

फार पूर्वी, मनगटावरच्या घड्याळाला रोज सकाळी चावी द्यावी लागे त्या काळी, एका डोंगरी राज्यात रत्नाकरपंत नावाचे चिटणीस होते. राजाची पत्रे लिहिणे हे त्यांचे काम, आणि जुनी घड्याळे जमवणे हा त्यांचा छंद.

नवे घड्याळ त्यांना आवडत नसे. काचेवर ओरखडे हवेत, तबकडी पिवळी पडलेली हवी, पट्टा कुणाच्या तरी घामाने मऊ झालेला हवा. ते म्हणत, “जुने घड्याळ बांधले की दुसऱ्या कुणाचे आयुष्य हाताला लागते.” रोज ते वेगळे घड्याळ बांधत आणि ते कुणाचे होते हे चारचौघांत रंगवून सांगत. लोक कौतुकाने ऐकत.

एके दिवशी गावची म्हातारी सुईण, गिरजाआत्या, त्यांच्याकडे आली. तिच्या हातात बंद पडलेले घड्याळ होते.

“पंत, माझ्या मालकांचं हे. ते गेल्यावर मीच बांधते. तुम्हाला यातलं कळतं. बघा बरं, सुरू होईल का?”

पंतांनी मागचे झाकण उघडले आणि ते पाहतच राहिले. असे घड्याळ साऱ्या राज्यात दुसरे नव्हते. बिघाड म्हणावा तर काहीच नाही, आत नुसती धूळ साचली होती.

पण ते म्हणाले, “आत्या, याच्यात आता जीव नाही. चाकं झिजली. राहू दे माझ्याकडे, मी तुम्हाला कोरं करकरीत देतो.”

आत्या जरा घुटमळली. मग म्हणाली, “तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार.” नवे घड्याळ घेऊन ती गेली.

पुढे राजाच्या नातवाचे बारसे झाले. पंत तेच घड्याळ धूळ झाडून, चालू करून, बांधून गेले. राजाचे लक्ष गेलेच.

“वा! हे कुठलं?”

“आमच्या आजोबांचं, महाराज,” पंत बोलून गेले.

पाळण्याशेजारी गिरजाआत्या बसली होती; हे बाळंतपण तिनेच केले होते. तिने वर पाहिले. काचेवरची तड्याची रेघ तिने ओळखली. पंतांनीही तिची नजर ओळखली.

राजाने हसून विचारले, “आत्या, तुम्ही तर घरोघरी वावरलेल्या. यांच्या आजोबांच्या हातात पाहिलं असेल ना हे?”

पंतांनी हात पाठीमागे नेला.

आत्या हळूच म्हणाली, “चालतंय ना, महाराज? मग बरं झालं.” आणि ती बाळाचे दुपटे सारखे करू लागली.

तिने ओरडून सांगितले असते, तर पंतांनी काहीतरी सारवासारव केली असती. तिने तर त्यांना सांभाळूनच घेतले होते. बारसे संपेपर्यंत ते अंगरख्याची बाही खाली ओढत राहिले.

दुसऱ्या सकाळी ते तिच्या दारात उभे राहिले. त्यांनी घड्याळ पुढे केले.

“आत्या, मी खोटं बोललो. दोनदा बोललो.”

तिने घड्याळ घेऊन कानाला लावले. मग आतून नवे घड्याळ आणून त्यांच्यापुढे ठेवले.

“याला सेकंदाचा काटा नाही. बाळंतिणीची नाडी मोजताना अडायचं. पण तुम्ही दिलेलं, म्हणून बोलले नाही.” मग ती म्हणाली, “तुमच्या लेकीची जन्मवेळ मी जुन्यावरच पाहून सांगितली होती, पंत.”

खाली बघतच पंतांनी विचारले,

“काल गप्प का राहिलात?”

“बारशाच्या घरात कुणाला मान खाली घालायला का लावायची? आणि पाहिलं, तर तुमची आधीच खाली गेली होती.”

पंत तिथून थेट दरबारात गेले आणि सर्वांसमोर त्यांनी सारे सांगितले. राजाने शिक्षा केली नाही. पण त्यानंतर पंत एखादे घड्याळ दाखवून “हे अमक्याचं” असे सांगू लागले, की ऐकणारे एकमेकांकडे बघत. गोष्ट खरी असली तरी बघत. हळूहळू पंतांनी सांगणेच सोडले. सकाळी एकटे बसून ते घड्याळांना चावी देत, आणि एकही हातात न बांधता कामावर जात.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: जुन्या वस्तूचे मोल ती जपणाऱ्या माणसामुळे असते, त्याच माणसाला फसवून ती मिळवली, तर ती अंगावर मिरवायला तोंड उरत नाही.