वाटेवर बसलेला देव

बेलखंडीच्या टेकडीवर काळ्या दगडाचं जे पडकं शिवालय आहे, त्याच्या गाभाऱ्यात देव नाही. तो चोरीला गेला नाही, कुणी फोडला नाही, पुरात वाहून गेला नाही. गाभाऱ्याच्या फरशीत एक चौकोनी खोबण तेवढी उरली आहे आणि पावसाळ्यात तिच्यात बेडकं बसतात. देव आहे तो खाली, ओढ्याच्या काठी, ऐन पाऊलवाटेच्या कडेला, उघड्यावर. हातभर उंचीची पिंड, जरा एका अंगाला कललेली, दमून टेकलेल्या माणसासारखी. तिच्यावर बारा महिने मुंग्यांची रांग असते.

बघायला येणारे बहुतेक तिच्यापुढून तरातरा निघून जातात. रात्रीच्या पॅसेंजरनं परभणी, तिथून एसटी, फाट्यावर उतरून दोन किलोमीटरची चाल. पाठीवर पोत्याएवढ्या बॅगा अडकवलेली पोरंपोरी घड्याळाकडं बघत टेकडी चढतात, कारण साडेतीनची गाडी चुकली की पुढची थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. वर जाऊन रिकाम्या गाभाऱ्याचे फोटो काढतात, आणि मग खाली येऊन विचारतात, "आजी, इथला देव कुठंय?"

आजी म्हणजे सुभद्राबाई गुरव. गाव तिला सुभामाय म्हणतं. पिंडीजवळच्या लिंबाखाली ती बसलेली असते. वय ऐंशीच्या अलीकडं-पलीकडं, आवाज खणखणीत आणि जीभ त्याहून.

"आत्ता ज्याच्या पुढून पळत गेलात ना, त्योच," ती म्हणते. "डोळे काय पाठीवरच्या गाठोड्यात बांधून ठिवलेत? बसा आता. ही गोष्ट उभ्यानं ऐकायची नसती."

मग ती जी सांगते, ती अशी.

देवगिरीवर राजा होता तेव्हाची गोष्ट. वरचं देऊळ तेव्हा नवंकोरं होतं. गोदेच्या काठी कुठल्याशा गावात पोमाई नावाची एक बाई राहायची. नवरा लवकर गेलेला, सूत कातून पोट भरायची. पदरी एकच लेक, खेमा. पोर गुणाचं, पण पायानं अधू. सातवं सरत आलं तरी त्याचं पाऊल उठेना. पोमाई त्याला कडेवर घेऊन पाण्याला जायची, कडेवर घेऊनच बाजाराला जायची. लोक हळहळायचे, म्हणायचे, "पोमाई, हे ओझं तुझ्या जन्माला लागलं गं." ती ताडकन म्हणायची, "माझ्या कमरेला जड होत नाही, तुमच्या जिभेला का होतंय?"

वैद्य झाले, अंगारेधुपारे झाले. शेवटी एका शिवरात्रीला तिनं महादेवाला नवस बोलला. माझं लेकरू चालू लागलं तर ते एकशे आठ शिवालयांना पायी जाईल. एकशे आठव्याला मी संगं येईन. आज त्याचं जेवढं वजन आहे तेवढा गूळ माझ्या स्वतःच्या डोक्यावरून आणीन, दुसऱ्या कुणाच्या डोक्याला देणार नाही, आणि देवापुढं वाटीन.

पोरगं चालू लागलं, म्हणे. आधी उंबऱ्याला धरून उभं राहिलं आणि महिन्याभरात गावभर उधळू लागलं. उधळलं ते थांबेचना. जेवायचं ते उभ्यानं. झोपायचं ते पाय हलवत. गाव म्हणायचं, पायाला भिंगरी लागली. पण सुभामाय म्हणते, भिंगरी कसली, भीती होती ती. एकदा बसलो तर हे पाय पुन्हा उठायचे नाहीत, असं त्या लेकराच्या मनानं घेतलं होतं. नवसाचे पाय, उसने आणलेले. देवाचं देणं फिटेस्तोवर त्यांचा भरवसा काय?

मिसरूड फुटताच खेमा निघाला. आईनं कातलेल्या सुताचा एक पीळ कमरेला बांधला. देवळाच्या उंबऱ्याला डोकं टेकायचं, सुताला एक गाठ मारायची, की लगेच पुढची वाट. डोंगर नाही, नदी नाही, ऊन नाही. वर्षातून दोनदा घरी यायचा. पोमाई ताट वाढून पुढ्यात बसायची आणि विचारायची, "काय पाहिलंस रे बाळा? कसा होता तिथला देव?" खेमा उभ्यानंच घास गिळत गाठी दाखवायचा. "बघ, एकोणनव्वद झाले. आता थोडेच राहिले. सगळं झालं की बसून सांगतो." पोमाई गाठीवरून बोट फिरवायची. त्या बिचारीनं आपल्या गावची शीव ओलांडली नव्हती. लेकाच्या डोळ्यांनी देव बघायचे, एवढीच तिची आस. पण तो सांगेल तर ना!

अशी वीस वर्षं गेली. एकशे सात गाठी झाल्या. एकशे आठवं देऊळ ठरलं ते बेलखंडीचं. पोमाईचे केस आता पांढरे झाले होते, गुडघे बोलू लागले होते. तरी तिनं गुळाच्या दोन ढेपा फडक्यात बांधल्या, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि म्हणाली, "चल."

पाच दिवसांची वाट होती. वाटेत ती कितीदा थांबली असेल. ओझं उतरवायची, दम खायची, मग खेमा तिला हात लावायचा आणि गाठोडं पुन्हा डोक्यावर चढायचं. त्याला ते डोक्यावर घेता येत नव्हतं, नवसच तसा होता. पण जीव त्याचा नुसता खालीवर. शिवरात्रीच्या दिवशी दिवस कलायला लागला तेव्हा समोर टेकडीवर कळस दिसू लागला. शिवरात्र असली तरी इथला रिवाज असा, दिवे लागले की गुरव दार लावून घेणार. आज चुकलं तर नवस वर्षावर गेला. आईला पुढचं वर्ष निघेल का? आणि नवस राहिला तर आपल्या पायांचं काय होईल? खेमाच्या डोक्यात घणाचे घाव बसत होते.

तेवढ्यात ओढा आला आणि पोमाईनं गाठोडं खाली ठेवलं. "घसा कोरडा पडलाय रे. घोटभर पाणी पिते."

"आता? अगं, समोर देऊळ दिसतंय!"

"देऊळ कुठं पळतंय?"

खेमाला राहवेना. "मी पुढं होतो, गुरवाला थांबवून धरतो. तू ये पाठोपाठ," म्हणाला आणि सुटला टेकडीकडं.

इथं सुभामाय समोरच्यांकडं रोखून बघते आणि बजावते. ओझं उतरवायला माणूस एकटं पुरतं, चढवायला दुसऱ्याचा हात लागतो. सरपण आणणाऱ्या बायका वाटेवरच्याला हाक मारतात, "बाबा, जरा हात लाव." बेलखंडीच्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. एकशे सात देव करून आलेल्या खेमाला नाही कळलं.

पोमाई पाणी प्यायली आणि तिनं गाठोड्याला हात घातला. गुडघ्यापर्यंत आलं, पुन्हा खाली गेलं. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा ती स्वतःच पडली. वाटेनं शिवरात्रीची माणसं चालली होती. तिनं हाका मारल्या, "लेकरांनो, जरा हात लावा." जो तो म्हणे, "आलोच माय, दर्शन घेऊन येतो. दार लागायची वेळ झालीय." सगळे देवाला निघालेले. थांबणार कोण?

वर खेमा गर्दीतून वाट काढत दारापाशी पोचला. गुरवानं विचारलं, "नवस कुणाचा?"

"आईचा."

"आई कुठंय?"

"येतेय मागून. तुम्ही दार तेवढं लावू नका!"

गुरव निरांजन घेऊन आत गेला आणि ओरडतच बाहेर आला. गाभाऱ्यात पिंड नव्हती. खोबण तेवढी होती, अभिषेकाच्या पाण्यानं ओली. लोकांनी एकच आकांत केला. खेमानं कमरेचा पीळ मुठीत धरला. एकशे सात देव झाले आणि एकशे आठव्याला देवच नाही! देवानं पाठ फिरवली, आता पाय जाणार, आई तोंडघशी पडणार. तो वेड्यासारखा टेकडी उतरू लागला.

ओढ्याच्या काठी पोमाई निवांत बसली होती. गाठोडं शेजारी. दुसऱ्या बाजूला हातभर उंचीचा एक काळा दगड, मघाशी तिथं नसलेला. फडकं सोडून तिनं गुळाचा खडा त्याच्यावर ठेवला होता आणि मुंग्या जमल्या होत्या.

ती म्हणाली, "ओरडू नको. दमलाय तो." मग सांगू लागली. एक म्हातारा टेकडीवरून उलट्या दिशेनं धापा टाकत आला. सगळे वर जात होते, हा एकटा खाली. "हात लावू का माय?" म्हणाला आणि गाठोडं उचलून अलगद तिच्या डोक्यावर ठेवलं. पोमाईला त्याची दया आली. म्हणाली, "बाबा, तुमचाच दम लागलाय. बसा घटकाभर." तो हसला, म्हणे, "मला बस म्हणणारी तूच पहिली. येतात ते मला उभ्या उभ्या भेटतात आणि पळतात." तो टेकला. तिनंही ओझं पुन्हा उतरवलं. गूळ द्यायला वळली आणि बघते तर दगड.

"तू पण बस," ती लेकाला म्हणाली.

"आई, बसलो तर..."

"बसलास तर काय होतंय? सात वर्षं माझ्या कडेवर बसला होतास. काय बिघडलं होतं?"

खेमा बसला. चालू लागल्यापासून पहिल्यांदा मांडी घालून बसला. पाय तिथंच होते. दर्शनाविना रित्या हातांनी परतणारी माणसं खाली येत होती. पोमाईनं प्रत्येकाच्या हातावर गूळ ठेवला, मघाशी हात न लावणाऱ्यांच्याही. नवस फिटला. गूळ संपला तेव्हा तिनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "आता सांग. एकशे सात देव पाहिलेस. एकेक करून सांग."

खेमा आठवू लागला. त्याला धूळ आठवली, पायाचे फोड आठवले, गाठी आठवल्या. एकाही देवाचं रूप आठवेना. एकही खांब नाही, एकही पायरी नाही. कमरेचा पीळ सोडून त्यानं आईपुढं ठेवला आणि हमसून हमसून रडू लागला.

पोमाई रागावली नाही. पीळ हातात घेऊन म्हणाली, "म्हणजे तू सूतच पाहत फिरलास की रे. ते तर मीच कातलं होतं."

असं सांगतात की खेमानं तिथंच त्या सगळ्या गाठी सोडल्या. पोमाई पुढं कुठं गेली नाही, पिंडीजवळच झोपडी घालून राहिली. खेमा पुन्हा निघाला, पहिल्या देवळापासून. या खेपेला प्रत्येक ठिकाणी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बसायचा. मग बेलखंडीला यायचा आणि आईला सांगायचा. एका गावच्या नंदीचा उजवा कान लोकांनी गाऱ्हाणी सांगून सांगून गुळगुळीत केलाय. एका देवळात भर उन्हाळ्यात एकच खांब गार लागतो. एका ठिकाणी दारावरच्या यक्षाच्या गालात चिमणीनं घरटं केलंय. पोमाई खोदून खोदून विचारायची, आणि समाधान झालं की म्हणायची, "जा आता पुढच्याला."

असे चाळीस देव तिनं ऐकले. एकेचाळिसावा पाहून खेमा धावतपळत आला, कारण तो फार सुंदर होता. झोपडीचं दार लावलेलं. शेजारच्या बायांनी सांगितलं, जाऊन बारा दिवस झाले.

खेमा पिंडीपाशी बसला. सांगायचं सगळं ओठांवर होतं आणि ऐकणारं कुणी नव्हतं. तेवढ्यात डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई आली, ओझं उतरवून पाणी प्यायली आणि म्हणाली, "दादा, जरा हात लाव." खेमा उठला, मोळीला हात घातला, पण ती उचलली नाही. म्हणाला, "माय, घाईत नसशील तर ऐकतेस का? मी एक देऊळ पाहून आलोय."

ती बाई खाली बसली. त्यानं सगळं सांगितलं, तिनं सगळं ऐकलं. मग त्यानं मोळी तिच्या डोक्यावर चढवली. उरलेले सारे देव त्यानं असेच सांगितले, तिथंच, वाटेवरच्या अनोळखी माणसांना.

आजही बेलखंडीत पिंडीपाशी कुणी आपलं ओझं आपण उचलत नाही. पाहुण्यानं बॅग उतरवायची, वाटेत पाहिलेली एक तरी गोष्ट सांगायची, मग गावातलं कुणीतरी हात लावणार. कुणी फोन पुढं केला की सुभामाय फिसकन हसते. "त्यो ठिव खिशात. तोंडानं सांग." नऊ दिवसांत चौदा देवळं करून आलेले एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

सुभामाय स्वतः तालुक्याच्या बाजारापलीकडं कधी गेली नाही. पण कुठल्या देवळाच्या पायऱ्या निसरड्या आहेत आणि कुठल्या गाभाऱ्यात बोललं की घुमतं, हे ती डोळे मिटून सांगते. सगळं याच लिंबाखाली ऐकलेलं. फाट्यावर साडेतीनच्या गाडीचा हॉर्न वाजतो. पोरं चुळबुळतात, बॅगेचे पट्टे ओढू लागतात. तिनं बॅगेला एक हात लावलेला असतो, पण ती उचलत नाही.

"गाडी उद्या बी हाय," ती म्हणते. "मी असंन का नाही, ठाव नाही. सांग."