भिंगरीचा ढगळ ड्रेस

एक होती खार. इवलीशी, झुपकेदार शेपटीची. नाव तिचं भिंगरी.

आईने तिला कराटेचा ड्रेस आणला. पांढराशुभ्र! पण केवढा ढगळ!

आई म्हणाली, "वाढत्या अंगाचा घेतलाय. पुढच्या वर्षीही होईल."

आज तर पिवळा पट्टा मिळायचा दिवस! कराटेच्या वर्गात भिंगरीने किक मारली. पायात पायजमा अडकला. धप्प!

मुंगूससर म्हणाले, "अशानं लागेल हं, भिंगरी. ड्रेस मापाचा करून ये. मग पट्टा."

भिंगरीला रडू आलं. पण रडली नाही. दोन्ही मुठींत पायजमा धरला आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

शिंपीणपाखरू पानं शिवत होतं.

"शिंपीणताई, शिंपीणताई, माझा ड्रेस बसेना! शिवून दे ना!"

"शिवेन गं. पण सुताला कापूस कुठाय? कपाशीकडून आण."

तुरुतुरु तुरुतुरु!

"कपाशीमावशी, कपाशीमावशी, शिंपीण शिवेना, माझा ड्रेस बसेना! कापूस दे ना!"

"देईन गं. पण बोंड मिटलंय. ऊन पडलं की फुटेल."

तुरुतुरु तुरुतुरु!

"उन्हा, उन्हा, बोंड फुटेना, शिंपीण शिवेना, माझा ड्रेस बसेना! पड ना!"

"पडेन गं. पण ढग आडवा आलाय. वाऱ्याला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु!

वारा गवतात लोळत होता.

"वाऱ्या, वाऱ्या, ऊन पडेना, बोंड फुटेना, शिंपीण शिवेना, माझा ड्रेस बसेना! ढग हटव ना!"

"हटवेन गं. पण आळस आलाय. कुणी हलवलं तर उठेन."

वाऱ्याला हलवायचं? एवढ्याशा खारीने?

हो तर! भिंगरीने पायजमा वर ओढला. घट्ट धरला. आणि... हाऽऽय! अश्शी किक मारली, अश्शी किक मारली, की वारा दचकून उठला. सूंऽऽ!

"बाप रे! केवढीशी तू आणि केवढी तुझी किक!"

मग काय! वारा उठला, ढग हटला. ढग हटला, ऊन पडलं. ऊन पडलं, बोंड फुटलं. फट्! बोंड फुटलं, कापूस मिळाला. कापूस मिळाला, सूत झालं.

शिंपीणताईने बाह्या दुमडल्या, पायजमा दुमडला. टुचुक टुचुक टाके घातले.

"वाढलीस की ये हं. दुमड उसवून देईन."

ड्रेस बसला! ना ढगळ, ना तंग.

भिंगरी धावत वर्गात आली. हाऽऽय! किक थेट वर! अडखळली नाही की पडली नाही.

मुंगूससरांनी स्वतः पट्टा बांधला. सर वाकले. भिंगरी वाकली. आणि आई सगळ्यांना सांगत सुटली, "बघा, बघा, ती माझी भिंगरी!"

पट्ट्याची गाठ बसली पक्की, आपली गोष्ट संपली नक्की!