उंबऱ्यावरची वाळू

“म्हणजे समुद्र तिथवर चढला होता, असं म्हणतोस?” केळुसकर बाईंनी विचारलं.

“चढला होताच, बाई. सहा हजार वर्षांपूर्वी.”

हेरंबला धाप लागली होती. नमुन्यांसाठी खणलेला खाडीकाठचा आपला खड्डा पुन्हा एकदा मोजून, ओहोटीची वाळूची ओली पुळण अनवाणी तुडवत, चढ चढून तो थेट सड्यावरच्या या घरात शिरला होता. पायरीशी पाण्याची बादली भरून ठेवलेली होती. तिच्याकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

समोरच्या भिंतीवर बाईंचा आलेख होता. जुन्या समुद्राची पातळी सांगणारी एक रेघ, बाईंनी तरुणपणी काढलेली. हेरंब तिच्यावरूनच शिकला. उद्या परिषदेत तो ती चुकीची ठरवणार होता. त्याआधी बाईंच्या तोंडून ‘बरोबर आहे’ एवढं त्याला ऐकायचं होतं.

“कशावरून ठरवलंस?”

“कवचांवरून. वाळूच्या कणाएवढे समुद्री जीव... भरतीच्या रेषेपेक्षा दोन पुरुष उंचीवर, माझ्या खड्ड्यात मिळाले. त्यांचं वय काढलं. वयात चूक नाही.”

“नसेल. कवचं कशी होती?”

“काही लखलखीत... काही झिजलेली.”

“झिजलेली का घेतलीस?”

“तपासणीपुरतं वजन भरत नव्हतं.”

बाई भिंतीवरच्या रेघेकडे पाहू लागल्या. हेरंबला ते सोसेना.

“तुमची रेघ खोडतोय, म्हणून राग आला का?”

“राग यायला समुद्र काय माझ्या नावावर आहे?”

बाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत उंबऱ्यापाशी बसल्या. हेरंबच्या पायांची वाळू तिथे पडली होती. ती त्यांनी कुंचल्याने काचेवर घेतली, पाण्याचा थेंब सोडला आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

“बघ.”

त्याने डोळा लावला.

“कवचं आहेत.”

“कधीची?”

“आजची. एकाच्या आतला रंगसुद्धा गेलेला नाही.”

“वयात चूक?”

“नाही.”

“मग लिही. आज समुद्र माझ्या उंबऱ्याला लागला होता.”

“काहीतरीच काय, बाई! ही वाळू तर माझ्या पायांनी...”

त्याने आपले कागद उलगडले आणि झिजलेल्या कवचांच्या नोंदीवर बोट ठेवलं.

खाली खाडीत भरती सुरू झाली होती. तिचा आवाज घरात येत होता...

हेरंबने कागद गुंडाळले. मान वर न करता म्हणाला, “म्हणजे तुमचीच रेघ बरोबर.”

बाईंनी भिंतीवरचा आलेख खिळ्यावरून काढला. तो होता तिथली भिंत पांढरीशुभ्र होती. आलेख त्यांनी टेबलावर, हेरंबच्या कागदांशेजारी ठेवला.

“जा, पाय धुऊन ये. ही रेघ काढली तेव्हा मीही अशीच धावत आले होते.”