पोटाची साक्ष

एकदा एक वृद्ध वैद्य आपल्या शिष्याला घेऊन गलबताने परगावी निघाले. शिष्याचे शिक्षण संपत आले होते आणि त्याने स्वतःच्या बुद्धीने मळमळीवर एक गोळी सिद्ध केली होती. केशर, वेलदोडा, वर चांदीचा वर्ख. नुसती पाहूनच माणूस निम्मा बरा व्हावा. गलबतावरच्या एका व्यापाऱ्याने त्याला शब्द दिला होता, “गुण आला, तर ही गोळी मी बंदरोबंदरी पोचवीन.” तेव्हापासून शिष्याचे पाय जमिनीवर नव्हते, आणि ते केवळ गलबतामुळे नव्हे.

वारा सुटला, गलबत हेलकावू लागले आणि उतारूंचे चेहरे उतरले. वैद्यबुवा म्हणाले, “डाव्या बाजूच्या लोकांना तुझी गोळी दे. उजवीकडे मी माझी आले-सैंधवाची देतो.”

थोड्या वेळाने शिष्य डावीकडे एकेकाला विचारत फिरला. जो तो म्हणे, “छान वाटतंय हो.” व्यापारी तर म्हणाला, “अमृत आहे, अमृत. उतरल्यावर बोलणी करू.” शिष्य हरखून गेला.

वैद्यबुवांनी मात्र सर्वांना गरम खिचडी वाढायला सांगितली. शिष्य चरकला.

“गुरुजी, अशा हेलकाव्यांत जेवण? लोकांना ओकाऱ्या होतील.”

“वाढू दे,” एवढेच ते म्हणाले.

उजवीकडच्या बहुतेक पत्रावळी चाटूनपुसून स्वच्छ झाल्या. दोघा-तिघांनी तेवढे तोंड फिरवले. डावीकडे खिचडी जशीच्या तशी निवत पडली. व्यापाऱ्याने तर आपली पत्रावळ हळूच शेजाऱ्यापुढे सरकवली होती.

शिष्याला रडूच यायचे बाकी होते. “मग हे सगळे माझ्याशी खोटे का बोलले?”

वैद्यबुवा हसले. “खोटे नव्हे, भिडेने बोलले. तू इतक्या आशेने विचारलेस, तुझे मन मोडणे कुणाच्या जिवावर येणार नाही? जीभ भिडस्त असते बाळा, पोट भिडस्त नसते. म्हणून निम्म्यांना एक औषध द्यावे, निम्म्यांना दुसरे, आणि लोक काय म्हणतात यापेक्षा काय करतात ते पाहावे. माझे आलेही सगळ्यांना लागू पडले नाही, तेही आज कळले. वाडवडिलांनी सांगितले एवढ्यानेच आले चांगले ठरत नाही. अशा परीक्षेला पुन्हा पुन्हा उतरते, म्हणून ठरते.”

शिष्याला वाईट वाटले, पण मन हलकेही झाले. तो व्यापाऱ्याकडे गेला. “शेठ, ही गोळी इतक्यात विकायची नाही.”

व्यापाऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला, इकडेतिकडे पाहिले आणि हळू आवाजात विचारले, “मग ती आल्याची एखादी उरली आहे का हो?”

शिष्याने गोळी दिली. काही वेळाने, कसे वाटते हे न विचारता, त्याने व्यापाऱ्यापुढे पुन्हा पत्रावळ मांडली.