लाखेनं जोडलेली मूठ

"...पण बुवा, देहाची ओढ सुटली, हे माणसानं ओळखायचं कसं?"

चिंतामणानं वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजत विचारलं. मठाच्या अंगणात गावातली माणसं येऊन बसली होती. त्यांना ऐकू जाईल अशा बेतानंच विचारलं.

निवांतबुवा पाटावर डोळे मिटून बसले होते.

"पाणी तापलं का?" ते म्हणाले.

"तापतंय. माझं म्हणाल तर बुवा, माझी ओढ केव्हाच सुटली. या देहाचं काय, आज आहे, उद्या नाही."

"बरं झालं."

चिंतामण हुशार, त्यात वादच नाही. ग्रंथ तोंडपाठ, गळा गोड. कुणी चार शब्द विचारले तर हा चाळीस ऐकवणार. आज त्याची दीक्षा होती. मठाची रीत अशी, की दीक्षेच्या दिवशी आधी शिष्यानं गुरूची हजामत करायची, मग गुरूनं शिष्याची. दोन्ही एकाच वस्तऱ्यानं. वस्तरा बुवांच्या गुरूंचा. पातं झिजून अरुंद झालेलं, मूठ म्हशीच्या काळ्या शिंगाची.

रीतीला आणखी एक शेपूट होतं. दीक्षेआधी ज्याच्या हातून वस्तरा मोडेल, त्यानं स्वतः नवी मूठ करून बसवायची आणि दीक्षेसाठी एक वर्ष थांबायचं.

आणि परवा चिंतामणाच्या हातून वस्तरा दगडावर पडला होता.

खिळीपाशी मुठीचा तुकडाच उडाला. पातं डुगडुगायला लागलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. आता नवी मूठ म्हणजे काही डोंगर उचलायचा नव्हता. शिंग तासायचं, भोक पाडायचं, पितळेची खीळ ठोकून बसवायची. पण मग ते वर्ष आलं. गावोगाव निरोप गेलेले, भगवी वस्त्रं धुऊन घडी घातलेली... आणि चिंतामणानं थांबायचं? त्यानं तुकडा लाखेनं चिकटवला, वर दिव्याची काजळी चोळली. सांधा कुठे आहे ते त्याचं त्यालाही दिसेना.

एवढं डोकं चालवलं, पण एक गोष्ट त्याला सुचली नाही. हजामतीला पाणी कढत लागतं, आणि लाख कढत पाण्यात मऊ पडते.

मठाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या गिरजाकाकूंनी वाफाळतं तपेलं आणून ठेवलं. बुवांनी डोकं पुढे केलं.

चिंतामणानं वस्तरा कोरडाच डोक्याला लावला.

"पाण्यात बुडव," बुवा म्हणाले.

"गार पाण्यानं होईल की बुवा."

"कढत पाण्यात बुडव."

त्यानं बुडवला. एकदा, दोनदा, मग मोजायचं कारण नव्हतं. डोकं साफ झालं. बुवांनी नाकानं हुंगल्यासारखं केलं.

"लाखेचा वास येतोय."

चिंतामणाचा हात थबकला.

"काकूंनी भांड्याला लावली असेल," तो म्हणाला.

"मी?" काकू चुलीजवळून म्हणाल्या. "मी कशाला भांड्याला लाख लावू रे? काहीही बोलतोस."

"मग लाखेच्या बांगड्या करणारा आला असेल वेशीत."

"असेल," बुवा म्हणाले.

त्यांनी साफ झालेल्या डोक्यावरून सावकाश हात फिरवला. बुवा वाट पाहत होते असं काकू पुढे कितीदा तरी सांगायच्या. पण तेव्हा त्यांनाही ते कळलं नव्हतं.

"काही सांगायचंय का तुला?"

"मला? नाही, बुवा."

"मग दाढी घे."

बुवांनी मान मागे टाकली. म्हातारा गळा, सैल कातडी, तिच्याखाली हलणारी शीर. डोळे पुन्हा मिटले.

चिंतामणाच्या अंगठ्याखाली मूठ चिकट लागत होती. त्यानं सांधा घट्ट दाबून धरला. त्याला घाम फुटला होता, तो कानामागून मानेवर उतरत होता. एक शब्द बोलायचा होता... फक्त एक. समोर सगळं गाव बसलेलं.

त्यानं वस्तरा गळ्याला लावला.

हनुवटीखाली पातं वळलं. जरासंच. बुवांच्या गळ्यावर लाल रेघ उमटली आणि तिच्यातून रक्त छातीवर ओघळलं.

अंगणातली माणसं अर्धवट उठली. काकूंच्या हातातली पळी खाली पडली. कुणाला काय करावं ते सुचेना.

"बुवा, आपण जरा हललात," चिंतामण म्हणाला.

बुवा तसूभरही हलले नव्हते, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

"असेल," बुवा म्हणाले.

त्यांनी तुरटीचा खडा ओला करून स्वतःच जखमेवर फिरवला. उपरण्यानं छाती पुसली. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. काकूंना मात्र रडू आवरेना.

"बस आता," बुवा पाटावरून उठत म्हणाले. "तुझी पाळी."

चिंतामणाचा विश्वास बसेना. एवढं होऊनही दीक्षा मिळणार होती. निभावलं, असं त्याला वाटलं. तो घाईनं पाटावर बसला, हात जोडले, डोळे मिटले. लोकही हळूहळू खाली बसले.

बुवांनी वस्तरा हातात घेतला आणि तपेल्यात सोडला. तळापर्यंत. तो तिथेच राहू दिला.

चिंतामणानं एक डोळा उघडला.

"बुवा... एवढा वेळ?"

"चांगला तापू दे."

मग त्यांनी वस्तरा बाहेर काढला. मुठीवरून काळं पाणी गळत होतं. पातं मुठीत लोंबत होतं.

"रीतीप्रमाणे आधी डोकं," चिंतामण पुटपुटला.

"आज गळ्यापासून सुरू करू. मान वर कर."

बुवांचा हात म्हातारा, थोडा कापरा. पातं डुलत डुलत गळ्याकडे आलं. चिंतामणाला त्याची ऊब कातडीवर जाणवली.

त्यानं दोन्ही हातांनी बुवांचं मनगट धरलं.

"थांबा, बुवा, थांबा... ती मूठ मोडलीये. मी लाखेनं चिकटवलीये. गळा कापेल माझा."

आपण काय बोलून बसलो ते चिंतामणाला उमगलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. मनगट सोडायचंही त्याला भान राहिलं नाही.

बुवांनी वस्तरा उलटा करून पाहिला. मग चिंतामणाकडे पाहिलं. त्यांच्या गळ्यावरची रेघ पुन्हा ओली झाली होती.

"माझ्या गळ्याशी होती," ते म्हणाले, "तोवर धड होती ती."